टेम्पो घ्यायचाय म्हणतोस...

बाळ्या, तुझा फोन ठेवला तेव्हापासून मामी हसतेय. बोरिवलीच्या दोन खोल्यांच्या संसाराला स्वतःचा टेम्पो! सेकंडहँड छोटा हाथी तीन लाखांत मिळतोय, दर वेळी भाडं कशाला भरायचं, घरची गाडी असली की केव्हाही काढता येते, हे तुझं म्हणणं. मी मामीसारखा हसलो नाही. माझी सगळी नोकरी भिवंडीच्या गोदामात गाड्या भरून घेण्यात आणि खाली करून घेण्यात गेली. गाडी बाळगण्याची हौस काय असते ते मला माहीत आहे. पण तुला सरळ सांगतो, घेऊ नकोस. आणि का नको ते सांगून थांबत नाही, टेम्पोवाचून सामान कसं हलवायचं तेही सांगतो. खरं काम तिथेच आहे.

आधी एक कागद घे. गेल्या दोन वर्षांत तुम्ही रिक्षात मावणार नाही असं काय काय हलवलंत, ते आठवून लिही. फ्रिज दुकानदाराने घरपोच दिला. ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारातून सोफा घेतलात, तो त्यांच्याच गाडीतून आला. भाडं त्याने किमतीतच धरलं असणार, पण आलं ना सामान? जुना सोफा भंगारवाला घेऊन गेला, वर तुला पैसेही देऊन गेला. गणपती दर वर्षी रिक्षात, सूनबाईच्या मांडीवर. गावचा तांदूळ ट्रॅव्हल्सच्या डिकीतून. बाथरूमच्या फरशा उखडल्यात तेव्हाचा राडारोडा कंत्राटदाराने उचलला. नाहीतर महापालिकेची डेब्रिज ऑन कॉल सेवा आहेच. उरलं काय? भाड्याचं घर बदललंत ते एकदा, आणि आत्याचं कपाट घाटकोपरहून आणलंत ते एकदा. या दोन कामांसाठी चार चाकं वर्षभर खाली उभी करायची?

उभी गाडी काही खात नाही असं तुला वाटतं. ती चालत्या गाडीपेक्षा जास्त खाते. छोटा हाथी मालवाहू गाडी, म्हणजे पिवळी पाटी. विमा दर वर्षी. पासिंग पहिली आठ वर्षं दोन वर्षांतून एकदा आणि त्यानंतर दर वर्षी. तुझी गाडी सेकंडहँड, म्हणजे लवकरच दर वर्षीच्या रांगेत. पीयूसी वेगळं. दोन गोष्टी तुझ्या बाजूच्या आहेत, त्याही सांगतो, नाहीतर म्हणशील मामाने एकच बाजू मांडली. भरलेल्या वजनासकट ३,००० किलोच्या आतल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगून टाकलंय की ७,५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी साध्या कारच्या लायसन्सवर चालवता येते. म्हणजे कायद्याने तू उद्या चाकावर बसू शकतोस. पण लावणार कुठे?

उपनगरात खरी किंमत गाडीची नसते, जागेची असते. तुमच्या सोसायटीत कारच्या पार्किंगवरून भांडणं आहेत, तिथे पिवळ्या पाटीचा टेम्पो आत घेऊन बघ, पुढच्या सर्वसाधारण सभेत पहिला विषय तूच असशील. २०२५ मध्ये तर राज्य सरकारने जाहीर केलं की नवीन गाडीची नोंदणी करायची तर आधी पार्किंगची जागा दाखवा. अंमलबजावणी व्हायची तेव्हा होईल, वारं कुठे वाहतंय ते बघ. रस्त्यावर लावशील तर बॅटरी जाईल, ताडपत्रीचे दोर जातील, उंदीर वायरिंग कुरतडतील. आणि सखल जागी लावलीस तर पावसाळ्यात रात्रभर डोळ्याला डोळा नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुर्ला-कलिन्याच्या गल्ल्यांत उभ्या असलेल्या गाड्यांचं काय झालं ते तुझ्या आईला विचार.

आकडे मांडू. समज, हप्ता सात हजार, पार्किंगचे दोन हजार, विमा-पासिंग-दुरुस्ती मिळून महिन्याला आणखी दोन हजार. झाले अकरा हजार, वर्षाचे १,३२,०००. डिझेल अजून टाकीत पडलेलं नाही. आता समज, दोन माणसांसकट टेम्पो एका खेपेला साडेचार हजार घेतो. तेवढ्याच पैशांत वर्षाला २९ खेपा होतात. तू वर्षाला एकोणतीस वेळा बिऱ्हाड हलवणार असशील तर खुशाल घे.

न्यू जर्सीच्या मावसभावाचं उदाहरण देऊ नकोस. त्याच्या दारात पिकअप आहे, कारण त्याच्या दारात दार उघडायला जागा आहे. त्याला लाकूड आणावं लागतं, बर्फ काढावा लागतो, आणि तिकडे मजूर स्वस्तात मिळत नाही. तरी ज्या अमेरिकेत घरोघरी पिकअप दिसतो, त्याच अमेरिकेत यू-हॉल नावाची कंपनी १९४५ पासून लोकांना सामान हलवायला गाड्या भाड्याने देतेय. गरज नसती तर एवढी वर्षं टिकली असती का? आपल्याकडेही २०२२ मध्ये टोयोटाने हायलक्स नावाचा डौलदार पिकअप आणला, ३० लाखांच्या पुढचा. अंधेरीच्या लोखंडवाला भागात एखादा दिसतो. त्याच्या मागच्या हौद्यात मी अजून काही भरलेलं पाहिलेलं नाही.

टेम्पो घ्यावा कुणी? ज्याची गाडी रोज सकाळी भरते आणि संध्याकाळी रिकामी होते त्याने. मंडप-डेकोरेशनवाला, केटरिंगवाला, पाण्याच्या बाटल्यांची एजन्सी असलेला. आणि गंमत म्हणजे रोज माल वाहणाऱ्यांतही सगळे घेत नाहीत. ससून डॉक किंवा भाऊच्या धक्क्यावरून उपनगरांत मासळी आणणाऱ्या आपल्या कोळणी बघ. पहाटे लिलाव संपला की चार-पाच जणी मिळून एक टेम्पो करतात, प्रत्येकीच्या पाट्या, प्रत्येकीचा बर्फ, आणि ज्या-त्या बाजारात जी-ती उतरते. भाडं वाटून. त्यांच्याइतका रोखीचा व्यवहार कळणारं माणूस मुंबईत नाही. त्यांना टेम्पो घ्यावासा वाटत नाही आणि तुला वाटतो!

आता कामाचं. टेम्पो नको, टेम्पोवाला धर. ॲपवरून गाडी मागवता येते हे मलाही ठाऊक आहे. पोर्टरसारख्या ॲपवर पाच मिनिटांत छोटा हाथी दारात येतो, भाडं आधी दिसतं, एखादं टेबल, एखादं कपाट हलवायचं तर तेच बरं. पण अख्खं बिऱ्हाड असेल तर ओळखीचा माणूस पाहिजे, जो तुझा तिसरा मजला बघून वाटेत फोन बंद करणार नाही. तो कुठे मिळतो? नाक्यावरच्या स्टँडवर मिळतो, पण त्याहून चांगला भाजी मार्केटात मिळतो. वाशीच्या मार्केटातून पहाटे भाजी घेऊन मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीच्या बाजारात टेम्पो येतात. सकाळी दहापर्यंत ते खाली झालेले असतात, मग ड्रायव्हर हौद्यात गोणपाट टाकून झोपतो. त्याला दुपारचं भाडं म्हणजे वरकमाई. तो कमी घेतो आणि घाईतही नसतो. एकच कर, आदल्या दिवशी हौदा धुऊन घ्यायला सांग, नाहीतर गादीला कोथिंबिरीचा वास महिनाभर जात नाही. दोनदा काम दिलंस की तो तुझा. दिवाळीला मिठाईचा पुडा दे, त्याच्या मुलाचं नाव लक्षात ठेव. रात्री अकराला हॉस्पिटलमधून भाड्याचा पलंग आणायची वेळ आली तर तोच येतो.

गाडी केवढी मागवायची हे लोकांना सांगता येत नाही. ‘थोडंसंच सामान आहे’ असं फोनवर सांगतात, मग दारात रडारड. छोटा हाथी, म्हणजे टाटा एस, २००५ साली आला. त्याआधी आमच्या वेळी मॅटाडोर नाहीतर ४०७, मधलं काही नव्हतं. एसचा हौदा साधारण सात फूट लांब आणि पाच फुटांना जरा कमी रुंद, आणि वजन पाऊण टन. किंग साइझ गादी ७२ बाय ७८ इंच. म्हणजे ती आडवी बसतच नाही, कडेला उभी लावावी लागते, आणि उभी गादी पवईच्या उतारावर शिडासारखी वारा धरते. दोन ठिकाणी बांधायची. एका खोलीचं घर छोट्या हाथीत जातं. तुमच्यासारखं वन बीएचके, त्यात वॉशिंग मशीन, कूलर, पुस्तकांची खोकी, तर बोलेरो पिकअप. टू बीएचकेला चौदा फुटी आयशर, पण तो तुमच्या गल्लीत वळतो का ते आधी जाऊन बघ. मोठी गाडी लांब उभी राहिली तर हमालीच भाड्याहून जास्त होते.

आम्ही गिरगावातून मुलुंडला आलो तेव्हा सगळा संसार एका मॅटाडोरमध्ये आला, शिवाय आजी बसली होती ड्रायव्हरच्या शेजारी, मांडीवर देव्हारा घेऊन. तुमचा दोन माणसांचा संसार दोन खेपांत मावत नाही. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही, टेम्पो मोठा मागव म्हणून सांगतोय.

मापं घ्यायची. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कुणी करत नाही. लिफ्टमध्ये एक पत्र्याची पाटी असते, वाचली आहेस कधी? ‘६ व्यक्ती ४०८ किलो’. एका माणसाचे ६८ किलो धरतात, त्या हिशेबाने चार माणसांची २७२, आठांची ५४४. त्यात सामान आणि हमाल दोन्ही आले. दोन हमाल आणि कपाट चालेल. दोन हमाल, कपाट आणि पुस्तकांची सहा खोकी चालणार नाहीत, आणि लिफ्ट मध्येच अडकली की सेक्रेटरी तुझं नाव वहीत लिहील.

पण वजनापेक्षा उंची नडते. आत्याचं गोदरेजचं कपाट घे. विक्रोळीला बनायचं ते, जुन्या पद्धतीचं, ज्या कारखान्यात पहिल्या निवडणुकीच्या मतपेट्या बनल्या त्याच कारखान्यातलं. उंची ७८ इंच, खोली १९ इंच. नव्या इमारतीत लिफ्टचं दार बहुधा दोन मीटरचं असतं, म्हणजे पावणेएकोणऐंशी इंच. कागदावर कपाट आत जातं. प्रत्यक्षात ते उचलायचं तर तिरकं करावंच लागतं, आणि तिरकं केलं की कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं माप लागू होतं. ते भरतं सव्वाऐंशी इंच. दीड इंचाने अडतं. मग काय करतात? हमाल दारात ते सरळ उभं करतात, खाली गोणपाट सरकवतात आणि गोणपाट ओढत कपाट उभ्या-उभ्याच आत नेतात. ते उचलायचंच नाही, ओढायचं. हे करायला आत एक माणूस आधीच उभा असावा लागतो, नाहीतर ओढणार कोण? आणि बाहेर काढताना तो आत अडकतो, म्हणून वरच्या मजल्यावर दुसरा माणूस जिन्याने आधी पोचलेला पाहिजे. माप न घेता आलेल्या लोकांना हे सुचायला तास जातो, आणि तो तास तुझ्या खात्यावर चढतो.

लिफ्ट नसेल, चारकोप-गोराईच्या म्हाडाच्या इमारतींत बऱ्याच ठिकाणी नाहीच, तर जिन्याच्या वळणाची रुंदी मोज. पायऱ्यांची नाही, वळणाची. कपाटाचा लॉकर आणि फळ्या आधी काढायच्या, दारं सुतळीने नाही, चादरीने बांधायची. सुतळी रंग खरवडते. चढताना वरच्या बाजूला अनुभवी माणूस आणि खालच्या बाजूला दणकट. हमाल हे आपणच ठरवतात, तू मध्ये सूचना द्यायला जाऊ नकोस. बाजूला उभा राहा आणि दारं उघडी धर. वळणातून जाणारच नसेल तर गॅलरीतून दोर लावून घेतात, पण त्यासाठी ग्रिल काढावी लागते आणि खाली गाड्या उभ्या नसाव्या लागतात. त्यापेक्षा ते कपाट विकून टाक आणि नव्या घरी जाऊन नवीन घे. आत्याला मी समजावतो.

हमाली. हे भाड्यात आलं की वेगळं, ते आधी विचार. किती माणसं, कितवा मजला, लिफ्ट आहे की नाही, दारापासून गाडी किती लांब उभी राहणार, थांबण्याचे पैसे कधीपासून, टोल कुणाचा, पार्किंगचा दंड बसला तर कुणाचा. दोन्हीकडचे दरवाजे, जिने, गाडी उभी राहायची जागा यांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठव आणि ठरलेली रक्कम तिथेच लिहून घे. ‘बघू नंतर’ हा शब्द ऐकलास की समज, नंतर भांडण आहे. पॅकर्स-मूव्हर्सवाल्यांकडेही हेच. तीन-चार चमचमीत वेबसाइट दिसतील, एकाच दलालाच्या असतात. आमच्या शेजाऱ्यांचं सामान अर्ध्या वाटेत उभं करून त्यांच्याकडे ठरल्याच्या दीडपट मागितले होते. म्हणून सगळे पैसे आधी द्यायचे नाहीत, पक्क्या बिलाशिवाय तर नाहीच. सामानाची यादी दोघांच्या सहीने, प्रत्येक खोक्यावर नंबर.

हमालांशी घासाघीस करू नकोस. हे काम माणसाला किती मोडतं ते मी बघितलंय. १९६९ साली माथाडी कायदा झाला, अण्णासाहेब पाटलांनी त्यासाठी उभं आयुष्य घातलं, तेव्हा कुठे या माणसांना ठरलेली मजुरी आणि आजारपणात आधार मिळायला लागला. घरसामानाला येणारी पोरं बहुतेक माथाडी मंडळाच्या नोंदीतली नसतात, त्यांना तो आधारही नसतो. चांगले पैसे दे, गार पाणी ठेव, चहा वरच्या मजल्यावर नाही, खाली गाडीपाशी पाज. नाक्यावरच्या कुणा टोळक्याने ‘इथे माल उतरवायचा तर आमचे पैसे’ म्हणून वाराई मागितली तर मात्र तिथेच वाद घालत बसू नकोस. टेम्पोवाल्याला पुढे कर, त्याला नाका माहीत असतो.

तारीख. महिन्याची तीस, एकतीस आणि एक या तारखांना अख्खी मुंबई घरं बदलते, कारण भाडेकरार अकरा महिन्यांचे आणि सगळे एक तारखेला सुरू झालेले. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया, तेव्हाही टेम्पोवाला दुप्पट सांगतो. गणपतीच्या आधीचे आठ दिवस तर गाडी मिळतच नाही, सगळ्या मंडळांकडे. आणि पितृपक्षात? पंधरा दिवस टेम्पोवाला हौद्यात पत्ते खेळत बसतो. अमावास्येलाही तसंच. मुहूर्त मी मानतो की नाही ते मामी सांगेल. भाडं ठरवताना मी पंचांग उघडून टेम्पोवाल्याच्या बाजूने वाचतो. तुझी सासू पितृपक्षात हलू देणार नसेल तर एक युक्ती आहे, कलश आणि दूध चांगल्या दिवशी आधी नेऊन ठेव, सामान पितृपक्षात. त्या मानतील.

वेळ सकाळी अकरा ते चार. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत मोठ्या गाड्यांना शहरात बंदी असते, आणि छोट्या टेम्पोला बंदी नसली तरी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर तू तासभर उभाच. सोसायटीचीही वेळ असते. दुपारी दोन ते चार बऱ्याच ठिकाणी सामान चढवू देत नाहीत, रविवारी कुठे-कुठे अजिबात नाही. दोन्हीकडच्या वॉचमनला आदल्या संध्याकाळी भेट, एनओसीचा कागद आणि लिफ्टला लावायचे पुठ्ठे हातात ठेव.

रस्ता आधी ठरव. पूर्वेकडून पश्चिमेला यायचं म्हणजे रेल्वे ओलांडायची, आणि उपनगरात हेच अवघड. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ ला बंद केला, फेब्रुवारी २०२४ ला एक बाजू उघडली तर ती शेजारच्या बर्फीवाला पुलाशी जुळेना, दोन्हींत माणसाच्या उंचीचा फरक. पूर्ण सुरू व्हायला २०२५ उजाडलं. त्या काळात डी. एन. नगरहून मरोळला कपाट न्यायचं म्हणजे जोगेश्वरीला वळसा. असं कुठे काय चाललंय ते ड्रायव्हरला विचार. अंधेरी सबवे आणि मिलन सबवे पावसात भरतात हे तर सगळ्यांना माहीत आहे, तरी दर वर्षी कुणी ना कुणी सामानासकट तिथे अडकतोच. जून ते सप्टेंबर भरतीची वेळ बघून निघ, आणि ताडपत्री टेम्पोवाल्याची असली तरी आतून एक प्लास्टिक स्वतःचं टाक. त्याच्या ताडपत्रीला भोकं असतात.

लहानसहान नगांना टेम्पो कशाला? बाजारातल्या दोन पोत्यांना अजून हातगाडी मिळते, घाटकोपरला, मुलुंडला, शंभर पावलांच्या कामाला तीच बरी. लोकलला मालडबा आहे, लगेज तिकीट काढ आणि चढ, दुपारच्या गाडीत. डबेवाल्यांच्या वेळेत मात्र मध्ये येऊ नकोस. २०२५ पासून मध्य रेल्वेने लोकलमधला एक मालडबा आम्हा म्हाताऱ्यांना द्यायला सुरुवात केलीय, तेव्हा डबा नीट बघून चढ, नाहीतर तुझं पोतं बघून आम्हीच ओरडू. लांबच्या गाडीत स्लीपरला माणशी ४० किलो चालतं. गावाकडचं जड सामान एसटीच्या मालवाहतुकीने येतं. २०२० च्या टाळेबंदीत त्यांनी जुन्या बसचे ट्रक करून ते सुरू केलं. आणि सोसायटीला सांगून एक चांगली चार चाकांची ट्रॉली घ्यायला लाव, सगळ्यांच्या मालकीची, वॉचमनकडे ठेवायची. टेम्पो घ्यायची एवढीच हौस असेल तर त्या ट्रॉलीचा सेक्रेटरी हो.

भरताना जड आधी, केबिनच्या बाजूला. कपाट लांबीत आडवं, पाठीवर; साडेसहा फूट आहे, सात फुटी हौद्यात बसतं. फ्रिज उभाच ठेवायचा, फाळक्यापाशी, आणि घरी पोचल्यावर तीन-चार तास बंद ठेवून मग चालू करायचा. पुस्तकं लहान खोक्यांत, मोठ्या खोक्यांत उशा आणि पांघरुणं. लोक उलटं करतात आणि मोठ्या खोक्यांचे तळ सुटतात. काचेची भांडी वर्तमानपत्रात न गुंडाळता साड्यांत गुंडाळ, साड्या न्यायच्याच आहेत. पुढचं दार असलेलं वॉशिंग मशीन असेल तर घेताना ड्रममधून काढलेले ट्रान्झिट बोल्ट शोध, ते न लावता हलवलंस तर ड्रम खिळखिळा होतो. ते बोल्ट तू कुठे ठेवलेस ते आत्ताच आठव, बहुधा माळ्यावर जुन्या बुटांच्या डब्यात असतील. देव, घराचे कागद, दागिने, औषधं, चार्जर आणि चहाचं भांडं टेम्पोत घालायचं नाही. ते रिक्षाने, सूनबाईसोबत. आणि हौद्यात सामानाबरोबर पोरांना ‘मजा’ म्हणून बसवू नकोस. मालवाहू गाडीत मागे माणसं बसवणं गुन्हा आहे आणि काही झालं तर विमावाला पैसे देत नाही.

गॅसचं सांगायचं राहिलं. पाइपलाइनचा गॅस असेल तर जोडणी आधी बंद करून घे. सिलिंडर असेल तर एजन्सीत जाऊन विचार. त्याच एजन्सीच्या भागात राहत असाल तर नुसता पत्ता बदलतो, दुसऱ्या शहरात जात असाल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्यायचं. भरलेला सिलिंडर गाद्यांखाली लपवून नेणारे महाभाग मी बघितलेत.

आणि पैसे शेवटचा नग दाराच्या आत आल्यावरच द्यायचे, नंबर मोजून. हमाल गेल्यावर ड्रायव्हरला जेवायला थांबव. जेवताना त्याला विचार, तुझी ही गाडी स्वतःची की शेठची, हप्ता किती, पासिंगला या वर्षी किती गेले, महिन्यातले किती दिवस खाली उभी असते. तो जे सांगेल ते मला फोन करून कळव. मग सेकंडहँडवाल्याला काय उत्तर द्यायचं ते तू ठरव.